वायर-रॅपची तार सुटत का नाही?

डाख न लावलेला जोड म्हणजे कच्चा जोड, असं इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेले बरेच जण धरूनच चालतात. पिनेला नुसती तार गुंडाळली तर ती आज ना उद्या सैल होणारच, ही भीती. अपोलो यानातल्या संगणकाची मॉड्यूल्स मात्र याच वायर-रॅप पद्धतीने एकमेकांना जोडलेली होती आणि ती चंद्रापर्यंत जाऊन आली.

सगळी करामत पिनेच्या कडांची. ही पिन चौकोनी असते, बाजू 0.64 मिलिमीटर. वायर-रॅपचं अवजार फिरवलं की तार ताणली जाते आणि धारदार कडा तिच्यात रुततात. सात वेढे, प्रत्येकाला चार कोपरे. म्हणजे 28 ठिकाणी धातू धातूत घुसतो. तिथे हवाच शिरत नाही, मग गंज कुठून चढणार? तारेतला ताण टिकून राहतो, म्हणून पकडही सुटत नाही. रेझिस्टरच्या गोल पायाला गुंडाळलेली तार मात्र खरंच निसटते; तिथे डाखच हवा. पकडीने पीळ मारणं हा तर वायर-रॅप नव्हेच.

बर्ग स्ट्रिपच्या पिना याच मापाच्या, पण आखूड. जेमतेम एक जोड मावतो. साध्या आयसी बेसचे पाय बिनकामाचे. लांब चौकोनी पायांचा वायर-रॅप बेसच घ्यावा. 30 गेजची एकेरी तार इंचभर सोलायची आणि बुडाशी एक वेढा इन्सुलेशनसकट घ्यायचा, म्हणजे हिसक्याने तार तुटत नाही.

तारा जुडीने बांधून काटकोनात वळवल्या की बोर्ड देखणा दिसतो खरा, पण शेजारच्या तारांचे सिग्नल एकमेकांत झिरपतात. जवळच्या वाटेने सरळ नेलेलं जंजाळच बरं.

सर्किट चाललं नाही, तर माझा पहिला संशय जोडावर नसतो. बोर्ड उलटा धरला की पिनांचा क्रमही आरशातल्यासारखा उलटतो आणि 14 पायांच्या आयसीचा 14 नंबरचा पुरवठा बिनदिक्कत 1 वर जातो. दुसरा संशय पुरवठ्याच्या तारांवर. 30 गेजच्या तारेचा रोध मीटरला साधारण एक तृतीयांश ओहम, म्हणून पुरवठा आणि ग्राउंड जाड तारेनेच न्यावेत, आणि प्रत्येक आयसीजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. एवढं सांभाळलं तर काही मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-80 प्रोसेसर वायर-रॅपवर निवांत चालतो.

चुकलेला जोड सोडवायला अवजाराचं दुसरं टोक उलटं फिरवायचं. पिन पुन्हा वापरता येते. तारेचं उकललेलं टोक कापून टाकायचं.