गोंदण हिरवे का दिसते?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. आषाढी वारीनंतर परतवारी एकादशीला तेथे भाविकांची दाटी होते. अशा गर्दीत एखाद्या वृद्ध स्त्रीच्या कपाळावर टिंबे, हातावर तुळस किंवा देवाचे नाव गोंदलेले दिसते. हे गोंदण काजळीचे. मग काळी काजळी हिरवी-निळी का दिसते?

सुई काजळीचे कण बाह्यत्वचेखाली, अंतस्त्वचेत नेऊन सोडते. बाह्यत्वचा सतत झडून नवी होते. अंतस्त्वचा तशी झडत नाही. तेथील भक्षक पेशी हे कण गिळतात, पण कार्बन त्यांना पचत नाही. अशी पेशी मेली की नवी पेशी तेच कण उचलते, हे फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. म्हणून गोंदण जन्मभर टिकते.

आता रंगाचे पाहू. तांबडा प्रकाश त्वचेत खोल शिरतो आणि काजळीत शोषला जातो. निळा प्रकाश वरच्या थरांतच विखुरतो व त्याचा काही भाग परत येतो. परतलेल्या प्रकाशात तांबडा कमी पडल्याने गोंदण निळसर, हिरवट भासते.

गोंदण का करावे, हे मात्र प्रकाशशास्त्र सांगत नाही. दागिने येथेच राहतात, गोंदण मेल्यावरही सोबत येते, अशी आपल्याकडील स्त्रियांची श्रद्धा. मध्य प्रदेशातील बैगा स्त्रीच्या कपाळावरील खूण तिच्या जमातीची ओळख असते. न्यूझीलंडच्या माओरींचे ‘मोको’ तर माणसाचे कूळच सांगते. ते शोभेसाठी उतरवणे म्हणजे दुसऱ्याची सही आपल्या कागदावर करणे होय. म्हणूनच कुळाचा अर्थ नसलेल्या माओरी धाटणीच्या नक्षीला ‘किरितुही’ असे वेगळे नाव आहे.

तुळस किंवा विठ्ठलाचे नाव कोणीही गोंदवावे. तेथे मज्जाव नाही. पण आजीच्या हातावरील ज्या खुणेला गावंढळ म्हणून हसायचे, तीच दुकानातील चित्रांच्या वहीत दिसली की पैसे मोजून घ्यायची, हा न्याय नव्हे. शिवाय सुई निर्जंतुक नसेल तर ब व क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांचा धोका असतो, हेही विसरू नका.

करून पाहा : घरातील किंवा शेजारच्या आजीची परवानगी घेऊन तिच्या गोंदणाची आकृती वहीत काढा. ते कोणी, कोठे, कोणत्या वयात गोंदले आणि त्याचा अर्थ काय, हे तिच्याच शब्दांत लिहा. शिक्षकांनी अशा वह्या शाळेत जपून ठेवाव्यात. काजळीचे कण त्वचेत आयुष्यभर राहतात; त्यांचा अर्थ मात्र कोणी विचारला तरच पुढच्या पिढीला कळतो.