थंड समुद्राच्या उतारावरील चुनखडक

चुनखडक म्हटला की लक्षद्वीपसारखी प्रवाळबेटे आणि उथळ, उबदार पाणी डोळ्यांपुढे येते. परंतु थंड पाण्यात साठणाऱ्या चुनामय गाळाचे आजच्या जगातील सर्वांत विस्तृत क्षेत्र ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत असून तेथे प्रवाळभित्तींचा मागमूस नाही. त्यातील ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या विशाल उपसागराला लागून नलारबॉरचे रुक्ष पठार पसरले आहे आणि त्यावर एकही नदी वाहत नसल्याने समुद्रात माती येत नाही. म्हणूनच तेथे अगदी संथपणे निर्माण होणारा चुनाही निर्भेळ राहतो.

तो निर्माण करणाऱ्यांत ब्रायोझोआ हे वसाहत करून राहणारे प्राणी प्रमुख आहेत. या गाळाची चिमूट भिंगाखाली धरली असता बारीक काड्यांसारखे, फांद्या फुटलेले तुकडे दिसतात आणि त्यांवर ओळीने छिद्रे आढळतात. यातील प्रत्येक छिद्र हे मिलिमीटरहूनही लहान अशा एका जीवाचे घर होय. हे जीव पाण्यातील अन्नकण गाळून खातात आणि त्यांना सूर्यप्रकाशाची गरज नसते, त्यामुळे शे-दोनशे मीटर खोलीवरही त्यांची कवचे घडत राहतात. फोरॅमिनीफेरा हे एकपेशीय जीव आणि शिंपले त्यांत आपली भर घालतात.

मात्र जेथे चुना तयार होतो तेथेच तो साठतो असे नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ, सपाट तळाला भूखंडमंच आणि त्यापुढे खोल सागराकडे उतरणाऱ्या भागाला खंडान्त उतार म्हणतात. दक्षिण महासागरातून येणाऱ्या प्रचंड लाटा मंचाचा तळ सुमारे ६० मीटर खोलीपर्यंत सतत ढवळतात. उष्ण समुद्रात कण लवकर सांधले जाऊन कठीण होतात. याउलट, येथील कवचे मुख्यतः कॅल्साइट या सहजी न विरघळणाऱ्या खनिजाची असल्याने त्यांना सांधणारे द्रव्य फारसे सुटत नाही, कण मोकळे राहतात, झिजतात, आणि त्यांतील बारीक भाग प्रवाहांबरोबर मंचाच्या कडेपलीकडे जातो. मंचावर जेमतेम पातळ थर उरतो. खरे कोठार उतारावर आहे.

ते किती मोठे आहे, हे १९९८ साली ‘जॉइडीझ रेझोल्यूशन’ या जहाजाने केलेल्या छिद्रणातून उघड झाले. उताराच्या वरच्या भागात केवळ प्लाइस्टोसीन काळातील, म्हणजे गेल्या सुमारे २६ लाख वर्षांतील, गाळ काही ठिकाणी ५०० मीटरहून जाड आढळला. त्याचे थर समुद्राकडे झुकलेले असून एकावर एक सरकत गेल्याने मंचाची कडच पुढे ढकलली गेली आहे. याहून महत्त्वाचा शोध म्हणजे गाळात पुरलेले ब्रायोझोआंचे उंचवटे. हिमयुगात समुद्रपातळी सुमारे १२० मीटरने खाली जाऊन मंचाचा मोठा भाग उघडा पडला, तेव्हा उतारावर पोषकद्रव्ये मुबलक मिळून हे उंचवटे वाढले आणि पातळी पुन्हा चढल्यावर गाळाखाली गाडले गेले, असे संशोधकांचे अनुमान आहे. याचा अर्थ, उतार केवळ मंचावरून आलेला माल साठवत नव्हता, तर काही काळ स्वतःही चुना घडवत होता.

नलारबॉरच्या समुद्रकड्यांच्या तळाशी दिसणारा पांढरा विल्सन ब्लफ चुनखडक प्लाइस्टोसीनच्या कितीतरी आधीच्या इओसीन काळातील असून तोही ब्रायोझोआंनी भरलेला आहे. तेव्हा चुनखडकावरून प्राचीन हवामानाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी तो कोणत्या जीवांच्या कवचांनी बनला आहे हे पाहणे अपरिहार्य ठरते. केवळ चुनखडक आढळणे हा उबदार समुद्राचा पुरावा नव्हे.