नोकरी संपली; आता वावराकडे कसे वळाल?



मेहकर तालुक्यातले डोणगाव हे मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. अशा गावांतून मास्तर, एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर, पोलीस, लष्करातले जवान म्हणून बाहेर पडलेली माणसे थोडी नाहीत. नोकरी संपली की त्यांतले पुष्कळ जण म्हणतात, "आता गावी जाऊन शेती करीन." विचार चांगला आहे. पण नोकरीत बढती सेवेच्या वर्षांवर मिळते, तशी शेतीत मिळत नाही. इथे साठीच्या माणसालाही पहिलीच्या वर्गात बसावे लागते.

पूर्वी शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख जून-जुलैची लिहिली जाई. त्यामुळे निवृत्तीही नेमकी मे-जूनच्या अखेरीस येते, म्हणजे मृगाच्या तोंडावर. हातात फंडाचा पैसा, डोक्यावर ढग आणि मनात हौस! याच पंधरा दिवसांत पुष्कळांचे गणित बिघडते.

पहिला मृग पाहण्याचा

गावाचे शेतीचे वर्ष जूनमध्ये ठरत नाही. सालगडी ठेवणे, बटई ठरवणे ही बोलणी बहुधा पाडव्याच्या सुमारास होतात. तुम्ही जूनमध्ये घरी आलात, तोवर वावर वाहणाऱ्याने नांगरटी केलेली असते, वखराच्या पाळ्या दिलेल्या असतात, शेणखत टाकलेले असते, बियाण्याची तजवीज केलेली असते. अशा वेळी "आता मीच करतो" म्हणून वावर काढून घेणे म्हणजे वाढलेल्या ताटावरून माणूस उठवणे होय.

यात अन्याय आहेच, शिवाय तुमचे नुकसानही आहे. पाणी कोठे साचते, मुरमाड पट्टा कोठे लागतो, कोणता धुरा दर पावसाळ्यात फुटतो, हे त्याला ठाऊक आहे. तुम्ही वावर सोडलेत तेव्हा ज्वारी, पऱ्हाटी, मूग-उडीद होते. आज सोयाबीन आणि तूर आहे. तेव्हा पहिले वर्ष त्याचे पीक त्यालाच घेऊ द्या. पेरणी, डवरणी, फवारणी, सोंगणी, मळणी या प्रत्येक कामाला बांधावर उभे राहा. विचारा, पण शिकवू नका. पुढच्या पाडव्याला काय ते ठरवा.

कागद आधी, नांगर मागून

वावर वडिलांच्या नावावर असेल आणि वडील गेले असतील, तर वारसाची नोंद झाली आहे का ते पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे वारसाने मिळालेल्या जमिनीची खबर ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावयाची असते. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) राहून गेले असेल तर आणखी लांबवू नका. सात-बारा, आठ-अ आणि फेरफार हे तिन्ही कागद काढून एकत्र वाचा. क्षेत्र, इतर हक्कातला बोजा, विहिरीतला हिस्सा हे नीट पाहा. धुऱ्याबद्दल शंका असेल तर शेजाऱ्याशी भांडण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीची फी भरा.

२०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावयाची ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. ती वेळेत झाली नाही, तर नुकसानभरपाईच्या आणि सरकारी खरेदीच्या वेळी अडचण येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बुलढाणा जिल्ह्याला विदर्भासाठी झालेला १९५८ चा कुळकायदा लागू आहे. पुण्या-साताऱ्याकडे १९४८ चा कायदा चालतो. तेव्हा तिकडच्या पाहुण्याचा सल्ला इथे लागू पडेलच असे नाही. बटईचा किंवा मक्त्याचा व्यवहार तोंडी न ठेवता जाणत्या वकिलाला विचारून लिहून ठेवा. खर्च कोणाचा किती, कुटार कोणाचे, हेही त्यात असू द्या.

माती आणि बियाणे

उन्हाळ्यात वावर मोकळे झाले की मातीचा नमुना घ्या. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडून घ्यावी. झाडाखालची, धुऱ्यालगतची, उकिरड्याजवळची माती घेऊ नये. सर्व माती मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावे. असे करीत अर्धा किलो उरेल ती माती तपासणीस पाठवावी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या भागाच्या शेतीसाठी काम करीत आहे. बुलढाण्यालाही त्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे जाऊन विचारण्यात संकोच कसला?

सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक असते. पोती आदळली तरी उगवण घटते. २०२० च्या खरिपात बियाणे उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या होत्या. म्हणून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि मोड मोजा. ७० किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरे; कमी उगवले तर त्या मानाने वाढवावे लागते. पहिल्या सरीला भुलून पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली, की मगच तिफण चालवावी. दाणा दीड इंचाखाली जाऊ देऊ नये.

फंडाचा पैसा आणि हिशेबाची वही

शरद जोशी यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथली जागतिक टपाल संघाची नोकरी सोडली आणि १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. तिथे त्यांनी पिकाचा खर्च आणि पट्टी यांचा हिशेब ताडून पाहिला, तेव्हा मेहनत करूनही शेती तोट्यात का जाते हे त्यांना आकड्यांत दिसले. त्यातूनच पुढे शेतकरी संघटना उभी राहिली. तुम्हाला चळवळ करावयाची नसली, तरी वही घालाच. नोकरीत रोजची डायरी, रजिस्टरे भरलीत. ती सवय इथे कामी येईल. बियाणे, खत, मजुरी, भाडे लिहा, आणि स्वतःची व घरच्या बाईची मजुरीही त्यात धरा. एका खरिपाची वही हाती येईपर्यंत बोअर, ट्रॅक्टर, फळबाग यांत फंड घालू नका. म्हातारपणाचे औषधपाणी त्याच पैशावर आहे.

वावर आपल्या एकट्याच्या नावावर असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सात-बारावर लावता येते. राज्य सरकारने ही सोय १९९२ मध्ये केली. आपल्या मागे तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, यासाठी हे काम याच वर्षी करा.

मागे राहिलेल्या भावासाठी

पुष्कळ घरी एक भाऊ नोकरीला जातो आणि दुसरा मागे राहतो. मागे राहिलेल्याने धुरे राखलेले असतात, विहिरीचा गाळ काढलेला असतो, आईवडिलांचे दुखणे काढलेले असते. सात-बारावर यांपैकी काहीच लिहिलेले नसते. वाटणीचा विषय काढण्याआधी पाच माणसांत ते तोंडाने बोलून दाखवा. विहिरीचे पाणी, वाट, झाडे आणि जुने कर्ज यांचे ठरले, की मग एकराचा वाद फारसा उरत नाही. सर्वांची संमती असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी रीतसर करून घेता येते.

आणि तुम्ही मागे राहिलेले भाऊ असाल, तर परत येणाऱ्याला पाहुणा समजू नका, वैरीही समजू नका. त्याला पहिल्या वर्षी धुऱ्याधुऱ्याने वावर फिरवून दाखवा. त्याला कचेरीचे कागद कळतात, तुम्हाला माती कळते. दोघांनी मिळून एकच वही लिहिली, तर घर फुटणार नाही आणि वावरही पडीत पडणार नाही.