पाळणाघर निवडताना भिंती नव्हे, हात मोजा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळी आमच्या पेठेतल्या एक वहिनी आल्या. रक्तदाब तपासला तर बराच वाढलेला. कारण विचारले तेव्हा त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, लेकीची रजा पंधरा तारखेला संपते. मी पुण्याला जाऊन राहिले असते, पण इकडे ह्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. शेवटी पाळणाघर बघितलंय. तिने फोटो पाठवलेत. तुम्हीच सांगा, ठेवावं का बाळाला?"

फोटो छान होते. भिंतीवर हत्ती आणि जिराफ, जमिनीवर रंगीत गाद्या, वातानुकूलित खोली, कोपऱ्यात कॅमेरा. मी विचारले, "एक वर्षाच्या आतली बाळं किती आहेत आणि त्यांच्यासाठी बाया किती?"

वहिनी गप्प झाल्या. "ते नाही विचारलं," म्हणाल्या.

मला त्यांचे हसू आले नाही. कारण काही वर्षांपूर्वी मीही तो प्रश्न विचारला नव्हता, आणि मी तर डॉक्टर!

माझीच चूक

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचे बाळ सात महिन्यांचे असताना पाळणाघर पसंत करायला मी आणि आमच्या सौ. मुद्दाम गेलो होतो. सकाळी अकराची वेळ, आधी फोन करून घेतलेली. फरशी चकचकीत, संचालक बाई गोड बोलणाऱ्या. मी स्वयंपाकघर पाहिले, पाण्याचे यंत्र पाहिले आणि मान डोलावली. "बाबांनी बघितलंय म्हणजे झालं," असे म्हणून मुलगी निश्चिंत झाली.

महिन्याभराने एका कामासाठी पुण्याला गेलो. नातवाला पाहावे म्हणून न कळवता दुपारी तीनच्या सुमारास तिथे पोचलो. खोलीत नऊ बाळे होती आणि बाई एक. दुसरी बाई मोठ्या मुलांना शाळेच्या गाडीवरून आणायला गेली होती. ती रोजच जात असे. नऊपैकी सात बाळे गाढ झोपलेली. आमचा नातू मी उचलला तरी जागा होईना. डोळे किलकिले केले आणि मान खांद्यावर टाकली.

मी म्हटले, "मावशी, याला काय दिलंय?"

ती बिचारी न लपवता म्हणाली, "सर्दी होती ना साहेब, म्हणून ते सर्दीचं औषध पाजलं. दुपारी थोडं थोडं सगळ्यांनाच पाजतो. शांत झोपतात."

त्या क्षणी मला तिचा राग आला होता. आता येत नाही. नऊ तान्ही बाळे एका बाईच्या अंगावर टाकल्यावर ती दुसरे काय करणार? दोष होता तो नऊ बाळांमागे एक बाई ठेवणाऱ्यांचा आणि ती संख्या न विचारणाऱ्या आजोबांचा. नातू संध्याकाळपर्यंत खेळू लागला, पण ते तीन तास मी त्याचे श्वास मोजत बसलो होतो.

अफूची गोळी आणि गोड सिरप

ही युक्ती नवीन नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक बाया कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची गोळी देत. 'बाळागोळी' नावाने ती विकली जाई आणि तिचा उल्लेख त्या काळच्या सरकारी अहवालांतही आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. मूल सांभाळायला घरी हात नव्हते, एवढेच. हात कमी पडले की मुलाला झोपवण्याकडे कल जातो. तेव्हा अफू होती, आज सर्दीचे गोड सिरप आहे.

अशा अनेक सिरपमध्ये गुंगी आणणारे औषध असते. तान्ह्या बाळाचा श्वास त्याने मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दोन वर्षांखालील बाळांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे कळवले. म्हणून पाळणाघराला पहिल्याच दिवशी लेखी द्या : "आम्ही डॉक्टरची चिठ्ठी दिल्याशिवाय बाळाला कोणतेही औषध, गुटी किंवा ग्राइप वॉटर पाजू नये." एक वर्षाच्या आत मधाचे बोटही नको. मधातून क्वचित एक जिवाणू पोटात जातो आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात.

काय विचारावे, काय पाहावे

पहिला प्रश्न हातांचा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक मोठे माणूस हवे, असा नियम आहे. आपल्याकडे तीन मिळाले नाहीत तर चारपर्यंत ठीक. त्याच्या पुढे गेले तर पुढचे प्रश्न विचारू नका, उठून या. शिवाय 'एकूण बाया किती' असे विचारू नका. स्वयंपाकाची बाई आणि शिपाईसुद्धा त्यात मोजतात. 'दुपारी तीन वाजता या खोलीत कोण कोण असतं?' असे विचारा. एक बाई सुटीवर असली तर तिच्या जागी कोण येते, गेल्या वर्षभरात किती बाया सोडून गेल्या, हेही विचारा. बाळ माणसाला ओळखते. दर महिन्याला नवा चेहरा आला तर ते कावरेबावरे होते. फी फारच कमी असेल तर बहुधा ती बाया कमी करूनच कमी झालेली असते.

दुसरे झोपेचे. बाळाला उताणे, म्हणजे पाठीवरच झोपवावे. गादी घट्ट हवी. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी जवळ नकोत. आपली मोहरीची उशीसुद्धा नको. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. पाठीवर झोपायची सवय असलेल्या बाळाला कोणी एकदम पालथे झोपवले तर धोका आणखी वाढतो. म्हणून ही गोष्ट बाईंना स्वतः करून दाखवा. बाळ आपले आपण उलटायला लागले असेल तर उलटू द्यावे, पण झोपवताना पाठीवरच.

तिसरे हात धुण्याचे. दुपटे बदलण्याची जागा आणि खाण्याची जागा वेगळी आहे का? दुपटे बदलायच्या जागेजवळ नळ आणि साबण आहे का? नुसता निर्जंतुक द्रवाचा पंप ठेवून भागत नाही. शी काढल्यानंतर साबणपाणीच हवे. पाच मिनिटे उभे राहून पाहा. बाई सांगतात काय यापेक्षा करतात काय, ते कळते.

चौथे दुधाचे. आईचे काढलेले दूध २५ अंश तापमानाला चार तास टिकते. आपल्या उन्हाळ्यात एवढाही भरवसा धरू नये. फ्रिजमध्ये मात्र चार दिवसांपर्यंत चालते. म्हणून पाळणाघरात चालू फ्रिज हवा आणि डब्यावर बाळाचे नाव व तारीख हवी. दूध गॅसवर उकळू नये. गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. उष्टे उरलेले दूध दोन तासांनी टाकून द्यावे.

पाचवे लसीचे. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर मिळते. सहा महिन्यांच्या बाळाला ते संरक्षण अजून नसते. शेजारच्या मोठ्या मुलांना लस दिलेली असेल तरच आपले बाळ सुरक्षित. जे पाळणाघर प्रवेश देताना लसीकरणाचे कार्ड मागते, त्याला माझे पाच गुण जास्त.

कॅमेऱ्यावर किती विसंबावे?

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, ते वाचकांना आठवत असेल. तिथे कॅमेरा होता. मारहाण त्यात दिसली, पण होऊन गेल्यावर. कॅमेरा पुरावा देतो, मधे पडत नाही. तो असावा, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आईबापाला कोणत्याही वेळी थेट बाळाच्या खोलीपर्यंत जाता येणे. 'पालकांनी दारापर्यंतच यावे' अशी पाटी दिसली तर तिथूनच परत फिरा. आणि पाहणीला जायचे तर न कळवता, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा. माझी अकराची वेळ चुकली होती.

मुलीच्या कंपनीतही चौकशी करा. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली. शिवाय पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असेही ठरले. कित्येक मुली हे मागतच नाहीत.

आजारपण येणारच

पाळणाघरात जाऊ लागलेल्या बाळाला पहिल्या वर्षी आठ-दहा वेळा सर्दी झाली तरी घाबरू नये. बहुतेक सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. जुलाब झाले तर ओ.आर.एस. द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, आणि सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम झिंक चौदा दिवस द्यावे. मात्र बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही नीट जागे होत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, तर लगेच डॉक्टर गाठावा. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल तर तोही धोकाच. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. आजारी मूल आले तर पाळणाघर त्याला घरी पाठवते का, हेही आधी विचारून ठेवा. जे आपल्या बाळाला घरी पाठवील तेच दुसऱ्याच्या आजारी बाळालाही पाठवील.

रजा संपायच्या आदल्या दिवशी पाळणाघर शोधू नये. दोन आठवडे आधी सुरुवात करावी. पहिले दोन-तीन दिवस आईने तासभर सोबत बसावे, मग हळूहळू वेळ वाढवावा. सोडताना बाळ रडले तर ते स्वाभाविक आहे. पण महिन्यानंतरही बाईंना पाहताच अंग चोरत असेल, किंवा रोज संध्याकाळी पेंगत घरी येत असेल, तर कारण शोधा.

त्या वहिनी परवा पुन्हा आल्या होत्या. लेकीसोबत दोन दिवस हिंडून तीन पाळणाघरे पाहिली म्हणे, तीही दुपारी आणि न कळवता. फोटोतले नाकारले. तिथे अकरा बाळे होती आणि बाया दोन. जे घेतले तिथे वातानुकूलन नाही, भिंतीचा रंगही उडाला आहे. "पण सात बाळांना दोन बाया आहेत डॉक्टर, आणि मालकीणबाई स्वतः दिवसभर खोलीत बसतात. मी गेले तेव्हा त्यांच्या मांडीवर एक बाळ होतं आणि ते जागं होतं!"

त्यांचा रक्तदाब खाली आला आहे. गोळी मात्र मी चालूच ठेवायला सांगितली आहे.