अडलेलं कोडं आणि स्वतःवरचा भरवसा

एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात. काही जण नेहमी खरं बोलतात, बाकीचे नेहमी खोटं. तिथं गेलेल्या पाहुण्याला दोघं भेटतात. पहिला म्हणतो, ‘आमच्या दोघांपैकी निदान एक तरी खोटारडा आहे.’ दुसरा तोंड उघडत नाही. आता ओळखायचं, कोण कसा?

माहिती अपुरी आहे, असंच आधी वाटतं. दुसरा तर बोललाच नाही! पण समजा, पहिला खोटारडा आहे. तसं असेल तर त्याचं वाक्य खरं ठरतं, कारण दोघांतला एक खोटारडा तो स्वतःच झाला. खोटारड्याच्या तोंडून खरं वाक्य निघणं शक्य नाही, म्हणून ही शक्यता बाद. मग पहिला खरं बोलणारा, त्याचं वाक्य खरं, आणि खोटारडा उरतो तो न बोललेला दुसरा.

अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मल्यन (१९१९–२०१७) यांनी या धाटणीची असंख्य कोडी रचली. १९७८ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती घराघरांत पोचली. या कोड्यांचा एक गुण फार मोलाचा आहे. उत्तर बरोबर आलं का, हे कुणाला विचारावं लागत नाही. प्रत्येक पायरी सोडवणाऱ्याला स्वतःच तपासता येते. मार्क देणारं कुणी नाही आणि नशिबाचाही वाटा नाही. जे जमलं ते आपल्याच डोक्यानं जमलं, याचा पुरावा समोर कागदावर असतो.

मानसशास्त्र या पुराव्याला फार महत्त्व देतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत सगळ्यांत भक्कम पहिला. ‘तुला येईल रे’ असं कितीही सांगितलं, तरी पुढच्या खऱ्या अपयशात तो धीर टिकेलच असं नाही. स्वतः एकदा पार केलेली अडचण मात्र सहजी पुसली जात नाही.

हे त्यांनी मुलांवर तपासूनही पाहिलं. १९८१ मध्ये डेल शंक यांच्यासोबत त्यांनी गणितात मागे पडलेली आणि गणिताचा कंटाळा असलेली ४० मुलं निवडली. विषय होता वजाबाकी. सात बैठकांत ४२ पानं सोडवायची होती. एका गटाला सांगितलं, दर बैठकीत निदान सहा पानं पुरी करा. दुसऱ्याला सांगितलं, सात बैठकांअखेर ४२ पानं पुरी करा. तिसऱ्या गटाला पानांचं कुठलंच लक्ष्य दिलं नाही, आणि चौथ्याला ही पानंच दिली नाहीत. पहिल्या दोन गटांचं काम नेमकं तेवढंच होतं, फरक होता तो टप्प्यांचा. सहा-सहा पानांच्या गटाची वजाबाकी सुधारली, स्वतःवरचा विश्वास वाढला आणि आधी नकोसा वाटणारा विषय आवडू लागला. ४२ पानांचं दूरचं लक्ष्य देऊन काहीच विशेष साधलं नाही.

या प्रयोगातली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मुलांना गणितं जेमतेम क्षणभर दाखवून विचारलं जाई, ‘अशी तुला येतील का?’ मग ती प्रत्यक्ष सोडवायला दिली जात. छोट्या टप्प्यांनी गेलेल्या मुलांचा अंदाज आणि त्यांची कामगिरी चांगली जुळत होती. त्यांच्यात नुसतीच हिंमत वाढली नव्हती. आपल्याला काय येतं आणि काय नाही, याची पारखही त्यांना आली होती. आत्मविश्वास म्हणतात तो असा असावा.

कोड्यांमध्ये असे टप्पे आयतेच असतात. सुडोकूचंच बघा. १९७९ मध्ये एका अमेरिकी मासिकात ते छापलं गेलं, १९८४ मध्ये ‘निकोली’ या कोडी छापणाऱ्या प्रकाशनानं ते जपानमध्ये नेलं. हाँगकाँगमधले निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांनी ते संगणकाकडून तयार करून घेतलं, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ते छापून आल्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांत पोचलं. ‘सोपं’, ‘मध्यम’, ‘अवघड’ ही त्यावरची लेबलं म्हणजेच ते छोटे टप्पे. नवख्यानं थेट ‘अवघड’ला हात घातला तर पदरी निराशाच येण्याची शक्यता जास्त.

इथं एक भ्रम दूर करायला हवा. कोडी सोडवून बुद्धी सर्वांगानं वाढते, हा दावा टिकलेला नाही. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी बीबीसीच्या मदतीनं ११,४३० प्रौढांना सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम करायला लावले. निष्कर्ष २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत माणसं तरबेज झाली, पण त्यांच्याशी मिळत्याजुळत्या असलेल्या इतर चाचण्यांतही त्याचा फायदा दिसला नाही. आत्मविश्वासही असाच क्षेत्रापुरता असतो. सुडोकूत पटाईत असलेल्याला सभेत बोलताना घाम फुटू शकतो. कोड्यातून मिळतो तो थोडका, पण खरा अनुभव: अडलं, पर्याय एकेक करून खोडले, वाट सापडली. तर्कानं विचार करायच्या कामात तो उपयोगी पडावा.

घरच्यांचे शब्द हा अनुभव बिघडवूही शकतात. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. पहिली फेरी सर्वांना जमली. मग काहींना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असं. दुसरी फेरी मुद्दाम कठीण होती, तीत सगळे आपटले. तिसरी पुन्हा पहिलीइतकीच सोपी. हुशारीचं कौतुक झालेली मुलं या फेरीत पहिल्यापेक्षा खाली आली, मेहनतीचं कौतुक झालेली वर गेली.

नंतर दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपले गुण लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा ‘हुशार’ ठरवलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी ते फुगवून लिहिले. मेहनतीच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होतं. कोडं सोडवून धावत आलेल्या मुलाला ‘किती हुशार!’ म्हणण्याऐवजी ‘कुठली शक्यता आधी बाद केलीस?’ असं विचारता येतं. मग ते मूल आपली प्रत्येक पायरी बोटानं दाखवत समजावून सांगू लागतं.