सांदवाडीतलं ऑफिस

सिंदेवाहीत घरून काम करणारे आता गल्लोगल्ली दिसतात. कुणी दुकानांचे जीएसटीचे हिशेब भरतं, कुणी ऑनलाइन शिकवणी घेतं. टेबल मात्र असतं घराच्या मधोमध, टीव्हीच्या शेजारी. आणि घरामागची सांदवाडी मोकळीच पडलेली. तिथे दहा बाय दहाची खोली उभी केली, तर कामाचं बरंच सोपं होतं.

पहिला फायदा उंबऱ्याचा. वीस पावलं चालून गेलं की काम सुरू, परत आलं की संपलं. हे घरच्यांनाही कळतं. दुसरा फायदा खिडकीचा. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते, वेदनाशामक औषधंही त्यांना कमी तीव्र लागली. पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांनाही अधूनमधून लांबची हिरवळ हवीच असते.

अशा खोलीला फार पैसा लागत नाही, हे आपल्या विदर्भानेच दाखवलं आहे. सेवाग्रामला 1936 मध्ये आश्रमातलं पहिलं घर, आदिनिवास, बांधताना गांधीजींची अट होती: सामान आसपासचं आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत. माती, बांबू आणि कवेलूंच्या अशा घरांतून देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचा कारभार चालला. व्हाइसरॉयशी बोलायला आश्रमात टेलिफोनही आला.

बांबू तर आपल्या दाराशी आहे. 2017 च्या कायदादुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ राहिला नाही, त्यामुळे स्वतःच्या जागेतला बांबू तोडणं सोपं झालं. तो हिवाळ्यात तोडावा आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवावा, म्हणजे भुंगा लागत नाही. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला बांबू प्रशिक्षणाचं केंद्रच आहे.

मात्र इथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. म्हणून खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवा, पश्चिमेची भिंत बंद आणि जाड मातीची. कवेलूंखाली तट्ट्याचं छत घाला. पावसासाठी ओटा उंच हवा. खोलीलगत लाकडं रचू नका, तिथे साप बसतो. वाघाच्या मुलखात झुडपं साफ आणि वाटेवर दिवा हवाच. अंधार पडायच्या आत काम आवरलेलं बरं.

आणि खोलीआधी सावलीचं बघा. पश्चिमेला झाड नसेल, तर या पावसाळ्यात निंब लावा. तो वाढेस्तोवर शेजारी शेवगा सावली धरेल.