नकाराचे पत्र आणि रिकामा दिवस

बेकारीचा हिशेब आपण बहुधा रुपयांत करतो. घरात येणारा पगार थांबला, वाण्याची उधारी वाढली, भाडे थकले, ही तिची उघड दिसणारी अंगे होत. परंतु ज्या घरातील सुशिक्षित मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षे नोकरीच्या शोधात आहे, त्या घराला आणखीही काही ठाऊक असते. उठण्याची वेळ लांबत जाते, लग्नकार्याला जाणे टळू लागते आणि ‘सध्या काय चालले आहे?’ एवढ्या साध्या प्रश्नानेही चेहरा उतरतो. नोकरीत स्थिर झालेल्या सरकारी माणसाने या विषयावर उपदेश करणे म्हणजे पोटभर जेवलेल्याने एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. म्हणून उपदेश बाजूस ठेवून, या अवस्थेचा ज्यांनी बारकाईने अभ्यास केला त्यांना काय आढळले, तेच सांगावे असे मी योजिले आहे.

ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल नावाचे एक छोटे गाव आहे. सारा गाव एका कापड गिरणीवर जगत असे. १९२९-३०च्या सुमारास, जागतिक मंदीच्या लाटेत, ती गिरणी बंद पडली. १९३१च्या अखेरीस मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले आणि गावातील ४७८ कुटुंबांची त्यांनी पाहणी केली. त्यांचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. बेकारीच्या मानसिक परिणामांविषयी आजही कोणी बोलू लागला की त्या ग्रंथाचे नाव निघतेच.

मारिएनथालच्या लोकांजवळ आता वेळच वेळ होता. तेव्हा ते अधिक वाचन करू लागले असतील, असे कोणालाही वाटेल. घडले ते नेमके उलटे. गावच्या वाचनालयाने पुस्तकांची फी माफ केली होती, तरीही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल घड्याळ लावून मोजली. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत जात. स्त्रिया त्यांच्या सुमारे दीडपट वेगाने जात. पुष्कळ पुरुषांनी घड्याळ बाळगणेच सोडून दिले होते. दिवसभरात काय केले, हे लिहून देण्यास सांगितले असता त्यांना उठणे, दुपारचे जेवण आणि झोपणे या तीन वेळांपलीकडे फारसे काही आठवत नसे. स्त्रियांचीही गिरणीतील नोकरी गेली होती. पण चूल, मुले, धुणे यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता.

याहोदा यांनी पुढे आयुष्यभर या विषयाचा विचार केला. नोकरी माणसाला पगार देते हे खरे. पण पगाराबरोबर, कोणी न मागता, ती आणखी पाच गोष्टी देते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दिवसाला आखीव वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून साधावयाचे प्रयोजन, समाजात ओळख आणि नियमित हालचाल, या त्या पाच गोष्टी होत. नोकरी नसलेल्याचे या पाचांवाचून हाल होतात. त्याची मरगळ पाहून आपण त्याला आळशी ठरवितो. वस्तुतः ती मरगळ पुष्कळदा बेकारीचे कारण नसून तिचा परिणाम असते.

या रिकाम्या दिवसांवर आणखी आघात होतो तो नकाराचा. स्पर्धा परीक्षांचेच उदाहरण घ्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. ५,९२,१४१ उमेदवार पूर्वपरीक्षेस बसले, १४,६२४ मुख्य परीक्षेस पात्र ठरले, २,८५५ मुलाखतीपर्यंत पोचले आणि १,०१६ जणांची शिफारस झाली. म्हणजे दोन कठोर चाळण्यांतून पार पडलेल्यांपैकीही १,८३९ जणांच्या वाट्याला नकारच आला. आता क्षणभर असे समजा की, त्या प्रत्येकाने दुप्पट अभ्यास केला असता. त्यामुळे यादीतील काही नावे बदलली असती. पण जागा एकानेही वाढल्या नसत्या. नकार हा अशा वेळी जागांच्या संख्येचा परिणाम असतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतील किंवा दिल्लीच्या राजेंद्रनगरातील लहानशा खोलीत बसलेला उमेदवार मात्र तो आपल्या लायकीवरचा निकाल म्हणून वाचतो, आणि तेथेच खरी इजा होते.

नकारातून नकार जन्मतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत तीन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे ३,००० जाहिरातींना १२,००० काल्पनिक अर्ज पाठवून एक प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. अर्जदाराच्या बेकारीचा काळ जसजसा वाढत गेला, तसतशी मुलाखतीची बोलावणी कमी होत गेली. ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. अर्जदार तर कागदावरचेच होते. त्यांचा गुण कमी झाला असण्याचा प्रश्नच नव्हता. निवड करणाऱ्याने केवळ रिकाम्या महिन्यांवरून तर्क बांधला होता.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे दिवसाला पुन्हा चौकट घालावी. अर्ज, जाहिराती, अभ्यास यांसाठी ठराविक तास राखावेत आणि ते संपले की ते काम खरोखरच बंद करावे. दिवसभर भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत निरोपाची वाट पाहणे हे काम नव्हे, ती केवळ शिणवणूक आहे. आठवड्यातून काही वेळ असे काम पत्करावे की, जेथे आपण गेलो नाही तर कोणाचे तरी अडेल. वाचनालय, मुलांची शिकवणी, एखाद्या दुकानाचा हिशेब, काहीही चालेल. मोबदला थोडा असो वा नसो, वेळ, माणसे आणि प्रयोजन या तीन गोष्टी त्यातून परत मिळतात.

दुसरी गोष्ट, माणसांत राहावे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांना १९७०च्या दशकात बॉस्टनजवळच्या पाहणीत असे दिसले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती नित्य भेटणाऱ्या जिवलगाकडून नव्हे, तर कधीमधी भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता दुरून येते. लाजेपोटी लग्नकार्य टाळणारा उमेदवार नेमका तोच रस्ता बंद करून घेतो.

तिसरी गोष्ट, मनातले कागदावर उतरवावे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, नोकरी गेलेल्या ज्यांनी काही दिवस आपला संताप आणि अपमान लिहून काढला, त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाले. अर्ज मात्र त्यांनी इतरांहून अधिक केलेले नव्हते. चौथी गोष्ट, प्रयत्नाची मर्यादा आधीच, मन शांत असताना, ठरवावी. आणखी किती वेळा परीक्षा द्यावयाची आणि त्यानंतर कोणता मार्ग धरावयाचा, हे निकालाच्या दिवशी ठरविण्यासारखे नसते.

आणि घरच्या मंडळींसाठी मारिएनथालचा एक आकडा सांगितलाच पाहिजे. तेथे ज्या कुटुंबांची उमेद टिकून होती, त्यांचे दरमहा उत्पन्न माणशी सरासरी ३४ शिलिंग होते. ज्यांनी सर्व सोडून दिले होते, त्यांचे १९ शिलिंग. धैर्यालाही भाकरीचा आधार लागतो. म्हणून ‘खंबीर राहा’ असे म्हणण्याआधी खर्चाचा हिशेब सर्वांनी मिळून मांडावा, आणि हातखर्चासाठी त्याला दर वेळी हात पसरावा लागू नये अशी व्यवस्था करावी. शेजारच्याच्या मुलाशी तुलना तर कटाक्षाने टाळावी. झोप उडाली, अन्न जाईनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे उद्गार निघू लागले, तर ते हट्टाचे बोलणे समजू नये. केंद्र शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

शेवटी, माझ्यासारखे जे टेबलाच्या पलीकडे बसतात त्यांच्याविषयी. जागा थोड्या आहेत, म्हणून नकार द्यावाच लागेल. परंतु तो वेळेवर, स्पष्ट शब्दांत देणे आपल्या हातात असते. महिनोन् महिने मौन बाळगले की उमेदवाराचा तेवढा काळ टांगणीला लागतो. दोन ओळींच्या उत्तराने कोणाला नोकरी मिळत नाही हे खरे. पण त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नवा अर्ज लिहिता येतो.